शिकाऊ हात, माजी सैनिकांचे डोळे

अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याने, म्हणजेच 'व्हीए'ने, जुलै २०२५ मध्ये मनुष्यबळाविषयीचा आपला पवित्रा बदलला. सुमारे ८० हजार जागा कमी करण्याचा आधीचा इरादा बाजूला ठेवण्यात आला. त्याऐवजी निवृत्ती, राजीनामे आणि थांबवलेली भरती या मार्गांनी सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत सुमारे ३० हजार कर्मचारी कमी होतील, असे जाहीर झाले. रुग्णसेवेला धक्का लागणार नाही, अशी ग्वाही खात्याचे मंत्री डग कॉलिन्स यांनी दिली. त्यानंतरची चर्चा डॉक्टर आणि परिचारिका यांच्या आकड्यांभोवती फिरली, हे स्वाभाविकच होते. मात्र या रुग्णालयांत एक वर्ग असा आहे, की त्याचे अर्धे काम कोणत्याही आकड्यात पकडता येत नाही. रुग्ण तपासता तपासता पुढची पिढी घडवणाऱ्या पर्यवेक्षकांचा हा वर्ग होय. नेत्रविभागात हे काम ऑप्टोमेट्रिस्ट करतात आणि त्यांच्या उदाहरणावरून संपूर्ण व्यवस्थेचे दुखणे नेमके कळते.

आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट म्हटले, की चष्म्याच्या दुकानात नंबर काढून देणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या व्यवसायाची व्याप्ती बरीच मोठी आहे. पदवीनंतर चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करून 'डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री' ही पदवी मिळते. डोळ्यांच्या आजारांचे निदान करणे, औषधे लिहून देणे, काचबिंदूच्या रुग्णावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे ही कामे ते करतात. शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ त्यांच्याहून वेगळे. व्हीएच्या रुग्णालयांत नेत्रतपासणीचा पहिला टप्पा बहुतांशी ऑप्टोमेट्रिस्टच सांभाळतात.

रुग्णालय आणि विद्यालय

व्हीएला केवळ रुग्णालयांचे जाळे समजणे अपुरे ठरेल. सुमारे १७० वैद्यकीय केंद्रे आणि हजाराहून अधिक बाह्यरुग्ण दवाखाने असलेली ही यंत्रणा अमेरिकेतील आरोग्यव्यवसायांच्या शिक्षणाची सर्वांत मोठी कर्मशाळाही आहे. दरवर्षी एक लाखाहून अधिक प्रशिक्षणार्थी तिथे काम करतात. अमेरिकेतील सुमारे ७० टक्के डॉक्टरांनी आपल्या प्रशिक्षणाचा काही ना काही भाग या रुग्णालयांत पूर्ण केलेला असतो, असे खात्याचे म्हणणे आहे.

या व्यवस्थेचा पाया जानेवारी १९४६ मध्ये घातला गेला. दुसरे महायुद्ध संपले होते, लाखो सैनिक घरी परतत होते आणि त्यांच्यावर उपचार करायला डॉक्टर पुरेसे नव्हते. तेव्हा संस्थेची सूत्रे जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे होती. वैद्यकीय महाविद्यालयांशी रुग्णालये जोडून घ्यावीत, प्राध्यापकांनी उपचारांचा दर्जा सांभाळावा आणि त्या बदल्यात विद्यार्थ्यांना अनुभव मिळावा, असा हा व्यवहार होता. सैनिकांना डॉक्टर मिळाले आणि देशाला शिक्षणाची सोय मिळाली. गेली आठ दशके हाच करार थोड्याफार फरकाने चालू आहे.

ऑप्टोमेट्रीचा या करारात प्रवेश उशिरा झाला. १९७५ मध्ये कॅन्सस सिटीच्या व्हीए रुग्णालयात या विषयातील पहिला निवासी प्रशिक्षणक्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने कायद्याने खात्यात ऑप्टोमेट्री सेवेच्या संचालकाचे पद निर्माण केले. आज दरवर्षी २००हून अधिक निवासी ऑप्टोमेट्रिस्ट तिथे एक वर्षाचे प्रशिक्षण घेतात. त्याखेरीज देशातील वीसहून अधिक ऑप्टोमेट्री महाविद्यालयांचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या पाळ्यांवर येतात ते वेगळेच. व्हीएमध्ये नोकरी करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांपैकी सुमारे ७० टक्के जण आधी तिथेच प्रशिक्षणार्थी होते, असे खाते सांगते. प्रशिक्षण हीच भरतीची वाट असल्याचे यावरून स्पष्ट होते.

पर्यवेक्षण म्हणजे काय?

अशा दवाखान्यातील सकाळचे कामकाज ठरावीक पद्धतीने चालते. प्रशिक्षणार्थी रुग्णाची हकिकत विचारतो, नजर तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, डोळ्यांतील दाब मोजतो, थेंब घालून बाहुली मोठी करतो आणि दृष्टिपटल पाहतो. मग तो पर्यवेक्षकापुढे निष्कर्ष मांडतो. पर्यवेक्षक प्रश्न विचारतात, गरज असेल तिथे स्वतः डोळा पाहतात, उपचाराची दिशा नक्की करतात आणि नोंदीवर आपली सही करतात. रुग्णाची अंतिम जबाबदारी त्यांचीच असते.

हे सारे वैयक्तिक मर्जीवर सोडलेले नाही. डॉक्टर, दंतवैद्य, ऑप्टोमेट्री, कायरोप्रॅक्टिक आणि पायांच्या विकारांचे तज्ज्ञ यांच्या निवासी प्रशिक्षणार्थींवरील देखरेखीसाठी खात्याने स्वतंत्र निर्देश काढले आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. बाह्यरुग्ण विभागात प्रथमच आलेल्या रुग्णाला पर्यवेक्षकाने त्याच भेटीत पाहिले पाहिजे किंवा निदान त्याच्याविषयी प्रशिक्षणार्थीशी चर्चा केली पाहिजे आणि तशी लेखी नोंद राहिली पाहिजे, असा दंडक आहे. प्रशिक्षणार्थीला जबाबदारी टप्प्याटप्प्याने द्यायची असते. नवख्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पर्यवेक्षक खोलीतच हवा, थोडा तयार झालेल्याच्या बाबतीत तो त्याच परिसरात हवा, तर अनुभवी प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत तो हाकेच्या अंतरावर असला तरी चालते. कोणाला कधी वरच्या पायरीवर न्यायचे, हा निर्णय पर्यवेक्षकाचा. तो घाईने घेतला तर रुग्णाला धोका आणि कधीच घेतला नाही तर विद्यार्थी पांगळा राहतो.

चष्म्यापलीकडचे शिक्षण

महाविद्यालयाच्या स्वतःच्या दवाखान्यात येणारा रुग्ण पुष्कळदा तरुण आणि निरोगी असतो. व्हीएचा रुग्ण सहसा वयस्कर, बहुतेक वेळा पुरुष आणि एकाच वेळी अनेक आजारांनी ग्रासलेला असतो. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, वार्धक्याने होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास हे सारे एकाच माणसात आढळू शकते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही शाळा कठीण असली, तरी तिच्याइतकी समृद्ध शाळा दुसरी नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. सत्तरी ओलांडलेला रुग्ण एका डोळ्याने अंधूक दिसते म्हणून येतो. बोलता बोलता जेवताना जबडा दुखतो, डोके दुखते, केस विंचरताना टाळू हुळहुळते, असेही सांगतो. नवशिका डोळ्याकडेच पाहत राहतो. अनुभवी पर्यवेक्षकाच्या मनात मात्र कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची शंका तत्काळ येते. त्याच दिवशी रक्ततपासणी करून स्टिरॉइड सुरू केले नाही, तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. पाठ्यपुस्तकात हा आजार प्रत्येकाने वाचलेला असतो. समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातून तो ओळखणे मात्र शेजारी कोणी उभे राहून शिकवल्याशिवाय येत नाही.

पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर दिले जाणारे टॅमसुलोसिन हे औषध वृद्ध पुरुषांत सर्रास आढळते. त्यामुळे बुबुळाच्या पडद्याचे स्नायू सैल पडतात आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पाठवताना ही बाब नेत्रतज्ज्ञाला कळवायची असते. व्हीएमध्ये रुग्णाची सर्व औषधे एकाच संगणकीय नोंदीत दिसतात. त्या यादीत डोळ्यांशी वरवर संबंध नसलेले औषध शोधायचे, ही सवय पर्यवेक्षकच लावतो.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनी या शिक्षणात आणखी एका प्रकरणाची भर घातली. स्फोटाच्या दणक्याने मेंदूला इजा झालेले अनेक तरुण सैनिक तपासणीच्या तक्त्यावरील शेवटची ओळही अचूक वाचतात. पण पुस्तकाचे एक पान वाचताना त्यांचे डोके ठणकते, ओळी एकमेकींत मिसळतात आणि प्रकाश सहन होत नाही. नजर उत्तम असली, तरी दोन्ही डोळ्यांचा समन्वय बिघडलेला असतो. पालो अल्टो, मिनियापोलिस, रिचमंड, टँपा आणि सॅन अँटोनिओ येथील बहुविध इजांच्या पुनर्वसन केंद्रांत अशा रुग्णांवर काम झाले. युद्धजखमांविषयीचे हे ज्ञान तिथे शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टांमार्फत सर्वसामान्य दवाखान्यांतही पोहोचू शकते. अपघातात किंवा खेळताना डोक्याला मार लागलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

दृष्टी गमावलेल्यांच्या पुनर्वसनाची परंपरा तर आणखी जुनी आहे. इलिनॉय राज्यातील हाइन्स येथे १९४८ मध्ये व्हीएचे पहिले अंध पुनर्वसन केंद्र उघडले. उरलेल्या अंधूक दृष्टीचा भिंगे आणि अन्य साधनांच्या साह्याने वापर कसा करावा, हे शिकवणे ऑप्टोमेट्रिस्टांच्या कामाचा भाग झाले. बरा न होणारा रुग्ण समोर असताना काय करायचे, याचे उत्तर विद्यार्थ्याला तिथे मिळते.

पालो अल्टोचा धडा

या व्यवस्थेची केवळ उजळ बाजू मांडणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टोच्या व्हीए रुग्णालयात काचबिंदूच्या एका रुग्णाची दृष्टी मोठ्या प्रमाणात गेल्याचे उघड झाले. त्यानंतर रुग्णालयाने ३८१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑप्टोमेट्री विभागात उपचार घेत असताना २३ जणांची दृष्टी उत्तरोत्तर कमी होत गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. काचबिंदूच्या अशा रुग्णांना वेळेवर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले गेले नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता.

या प्रकरणाचा वापर दोन्ही व्यवसायांतील जुन्या भांडणात झाला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी ऑप्टोमेट्रिस्टांच्या अधिकारांवर बोट ठेवले, तर ऑप्टोमेट्रिस्टांनी एका रुग्णालयावरून सगळ्यांना दोषी ठरवू नये, असा युक्तिवाद केला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र धडा वेगळा आहे. पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याला निदान शिकवायचे, उपचार शिकवायचे, तसेच आपल्या मर्यादा कुठे संपतात हेही शिकवायचे असते. रुग्णाला दुसऱ्याकडे केव्हा पाठवायचे, याचा निर्णय चुकला तर तोच चुकीचा वस्तुपाठ विद्यार्थ्यासोबत बाहेर जातो. शिकवणाऱ्या रुग्णालयातील दोष त्या रुग्णालयापुरता राहत नाही, ही त्याची खरी गंभीरता आहे.

अधिकारांचा हा वाद अद्याप मिटलेला नाही. ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टांना डोळ्यांवरील काही लेसर उपचारांची परवानगी दिली आणि नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. व्हीएमध्ये नोकरीसाठी कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो. त्यामुळे ओक्लाहोमाचा परवानाधारक दुसऱ्या राज्यातील सरकारी रुग्णालयात लेसर वापरू शकतो काय, हा प्रश्न उभा राहिला. २००४ मध्ये खात्याने असे लेसर उपचार नेत्रतज्ज्ञांनीच करावेत, असा निर्देश काढला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये निरनिराळ्या आरोग्यव्यवसायांसाठी देशव्यापी कार्यमानके ठरवण्याचा मार्ग खात्याने खुला केला आणि २०२२ मध्ये बाहेरील दवाखान्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतील 'फक्त नेत्रतज्ज्ञ' ही अट बदलली. साहजिकच वाद पुन्हा पेटला. पर्यवेक्षकांपुढचा पेच यातून वाढतो. जे काम स्वतः करण्याबाबतच एकमत नाही, ते विद्यार्थ्याला किती शिकवायचे, हे ठरवणे सोपे नाही.

मोजमापात न बसणारे काम

इथे मुद्दा येतो तो पैशाचा आणि मोजमापाचा. डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्टने किती काम केले, हे तपासलेल्या रुग्णांवरून आणि त्यांच्यावर केलेल्या प्रक्रियांवरून मोजण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. व्हीएही तिला अपवाद नाही. निवासी प्रशिक्षणाचे वर्ष जुलैच्या सुमारास सुरू होते. त्या काळात नवख्या प्रशिक्षणार्थीला एक रुग्ण तपासायला तासभर लागू शकतो. पर्यवेक्षकाने स्वतः तपासले असते, तर तेवढ्या वेळात दोन-तीन रुग्ण झाले असते. वर्षाच्या अखेरीस प्रशिक्षणार्थी तयार होतो, वेग वाढतो, रुग्णालयाचा फायदा होऊ लागतो आणि नेमका तेव्हाच तो निघून जातो. जुलैमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निधीवाटपाच्या सूत्रात प्रशिक्षणासाठी काही वाटा असतो, हे खरे. पण तो रुग्णालयाकडे जातो. शिकवण्यासाठी मोकळा वेळ म्हणून तो पर्यवेक्षकापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नाही. विद्यापीठाकडून मिळणारे प्राध्यापकपद पुष्कळदा मानद असते. वेतनाचा प्रश्नही आहे. २०१८च्या 'मिशन' कायद्याने पायांच्या विकारांच्या तज्ज्ञांना डॉक्टर आणि दंतवैद्यांच्या वेतनश्रेणीत स्थान दिले. ऑप्टोमेट्रिस्ट तेव्हा त्या श्रेणीबाहेर राहिले. खासगी व्यवसायात अधिक कमाईची संधी असताना शिकवण्याच्या ओढीने सरकारी नोकरीत राहणाऱ्यांवर ही व्यवस्था उभी आहे. हौस ही चांगली गोष्ट. पण तिच्या भरवशावर एवढी मोठी यंत्रणा किती काळ चालणार?

अशा स्थितीत एखादी जागा रिकामी झाली आणि भरली गेली नाही, तर काय होते? उरलेल्यांवर रुग्णांचा भार वाढतो. रुग्णांची भेट रद्द करता येत नाही, म्हणून कात्री लागते ती चर्चेच्या वेळेला. पाच मिनिटांच्या चर्चेची दोन मिनिटे होतात, मग फक्त सही उरते. कागदावर पर्यवेक्षण झालेले असते. प्रशिक्षणार्थींची संख्या देखरेखीच्या क्षमतेवर अवलंबून असल्याने पुढची पायरी म्हणजे जागा कमी करणे. मग तीन-चार वर्षांनी भरतीसाठी तयार माणसे मिळत नाहीत. खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार रुग्णालयांनी नोंदवलेल्या तीव्र मनुष्यबळटंचाईच्या प्रकरणांत आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ५० टक्के वाढ झाली होती. हा अहवाल रुग्णालयांच्या मतांवर आधारलेला असल्याचे सांगून खात्याने त्यावर आक्षेप घेतला. तो आक्षेप मान्य केला, तरी टंचाई भरून काढणारे प्रशिक्षणच आखडले तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

बाहेरच्या दवाखान्यांचा पर्याय

मनुष्यबळ कमी पडते तेव्हा खासगी दवाखान्यांचा पर्याय पुढे येतो. २०१४ मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयातील प्रतीक्षायाद्यांचा घोटाळा उघड झाला आणि त्याच वर्षी काँग्रेसने माजी सैनिकांना बाहेर उपचार घेण्याची मुभा देणारा कायदा केला. 'मिशन' कायद्यानुसार जून २०१९ पासून निकष अधिक सैल झाले. तज्ज्ञ सेवेसाठी सरासरी तासाभराहून अधिक प्रवास करावा लागत असेल किंवा २८ दिवसांत भेट मिळत नसेल, तर रुग्ण सरकारी खर्चाने खासगी दवाखान्यात जाऊ शकतो.

यात गैर काही नाही. माँटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यातील ऐंशी वर्षांच्या माणसाला केवळ शिकवण्याच्या सोयीसाठी दोनशे मैलांवर बोलावणे माणुसकीला धरून नाही. रुग्ण हा प्रथम रुग्ण आहे, विद्यार्थ्यांसाठीचे साहित्य नव्हे. तरीही या धोरणाचा हिशेब करताना एक खर्च नजरेआड होतो. खासगी दवाखान्यात रुग्णाबरोबर विद्यार्थी जात नाही. रुग्ण बाहेर गेला की त्याच्यासोबत एक धडाही बाहेर जातो. दूरस्थ नेत्रतपासणीचा मार्ग खात्याने २०१५ मध्ये अटलांटा येथून सुरू केला. त्यात तंत्रज्ञ ग्रामीण दवाखान्यात तपासणी करतो आणि तज्ज्ञ दुरून निष्कर्ष देतो. रुग्णाची पायपीट वाचवून त्याला खात्याच्या छत्राखाली ठेवणारा हा मध्यममार्ग आहे. मात्र पडद्यावरील प्रतिमा पाहून शिकणे आणि समोरच्या रुग्णाशी बोलत शिकणे यांत अंतर राहणारच.

भारतातील वाचकांना हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. योजनेची स्वतःची पॉलिक्लिनिके, लष्करी रुग्णालये आणि पुढील उपचारांसाठी नोंदणीकृत खासगी रुग्णालये अशी तिची रचना आहे. दुसरीकडे, २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रीसह अनेक संलग्न आरोग्यव्यवसाय प्रथमच नियमनाच्या कक्षेत आले. मुंबई-पुण्यात या विषयाचे पदवी अभ्यासक्रम चालतात आणि त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. त्या वर्षात विद्यार्थ्याने काय पाहिले, त्याच्यामागे कोण उभे होते आणि त्याच्या निष्कर्षाची जबाबदारी कोणी घेतली, या प्रश्नांवरच नव्या नियमनाचे यश अवलंबून राहील. नियम लिहिणे सोपे असते. पर्यवेक्षकाला वेळ देणे खर्चिक असते.

व्हीएपुढील निर्णयाचे मर्मही हेच आहे. कपातीमुळे रुग्णसेवा बिघडली की नाही, हे प्रतीक्षायादी पाहून काही महिन्यांत कळेल. शिक्षण बिघडले की नाही, हे कळायला दहा वर्षे लागतील आणि तोवर निर्णय घेणारे त्या खुर्च्यांवर नसतील. म्हणून पर्यवेक्षणासाठी राखीव वेळ, त्याची कामाच्या मोजमापात नोंद आणि रिकाम्या झालेल्या शिक्षकपदांची प्राधान्याने भरती या तीन गोष्टी कपातीच्या कोणत्याही हिशेबात वेगळ्या मांडायला हव्यात. १९४६ मध्ये झालेला करार दोन्ही बाजूंच्या फायद्याचा होता. सैनिकांनी विद्यार्थ्यांना शिकू द्यावे आणि देशाने त्यांच्यापाशी चांगला शिक्षक उभा करावा, असे त्याचे स्वरूप होते. सैनिक आपला वाटा आजही उचलत आहेत. शिकाऊ हातांपुढे ते विश्वासाने डोळे उघडे ठेवून बसतात. त्या हातांमागे जाणता माणूस उभा ठेवणे, ही सरकारची जबाबदारी आहे.